आबा खानावळ वाढवतात

आबांनी खानावळ बंद करणार असल्याचं आम्हाला सांगितलं, त्या दिवशी आम्ही त्यांना पेढे भरवले. हुसेनभाईंनी तर बाहेर जाऊन आपल्या रिक्षाचा हॉर्न तीनदा वाजवला. आबा गालात पेढा धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांचं बस्तान आवरतंय आणि ही माणसं खूश कशानं झाली, असा प्रश्न त्यांना पडला असणार. पण उलटं विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पेढा गिळून, पंच्याला हात पुसून ते आत चुलीकडे गेले.

असं का झालं हे सांगायचं तर आधी आबांची भाषा सांगायला हवी.

मी मूळची सांगलीकडची. बारा वर्षांपूर्वी बदली होऊन रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत आले. एकटीच आले, एक सुटकेस आणि एक प्रेशर कुकर घेऊन. पहिल्याच आठवड्यात कचेरीतल्या शिपायानं मला मांडवीकडे उतरणाऱ्या गल्लीतली ती खानावळ दाखवली. पाटी नव्हती. कौलारू घर, पुढे लांब पडवी, पडवीत चार बाकं आणि भिंतीवर एक पंखा. दीड वाजून गेला होता. पांढऱ्या मिशांचा, कमरेला पंचा गुंडाळलेला एक उघडाबंब म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि अत्यंत दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, "बाय, भात वाढला."

मी ताट पुढे केलं. "मग वाढा की."

बाकांवरची माणसं खो खो हसली. शेजारी चष्मा लावलेले एक गृहस्थ जेवत होते. ते कांबळे सर, शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी मला हळूच सांगितलं, "मॅडम, भात वाढला म्हणजे संपला. आबांच्या घरात संपत काही नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठायला लागले, तर आबांनी हातानंच बसायची खूण केली. आत जाऊन पुन्हा आधण ठेवलं, तांदूळ वैरले, मला पाऊण तास बसवून ठेवलं आणि वाफाळता भात बांगड्याच्या कालवणाबरोबर आणून वाढला. "पुढं आलेलं ताट मागं न्यायचं नाय," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून माझा कुकर खोक्यातून बाहेर आला नाही.

तसं बघितलं तर नारळ आम्हीही फोडत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही. निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. पण आबांनी ही रीत पार टोकाला नेली होती. संपलं, तुटलं, फुटलं, विझलं, बंद, हे शब्द त्यांच्या पडवीत कुणी काढायचे नाहीत. सगळ्याला एकच शब्द, वाढवणं. नळ वाढव म्हणजे नळ बंद कर. फोन वाढव म्हणजे तुझी बडबड आवर. एकदा दुपारी माझ्या डोक्यावरून हात नेत त्यांनी पंख्याकडे बोट दाखवलं. "बाय, पंखा वाढव गो जरा." मी उठून तो पाचावर नेला. चार बाकांवरचे पापड उडाले, एका माणसाच्या सोलकढीत पेपराचं पान जाऊन पडलं, आणि आबा मात्र शांतपणे म्हणाले, "तसा नाय. वाढव." पुढे मीच नवीन माणसांना हे सगळं शिकवायला लागले. त्यात मला केवढी ऐट वाटायची.

स्वयंपाकाच्या बाबतीतही त्यांचं सगळं न्यारंच. ते कधी काही चाखत नसत. कालवण उकळायला लागलं की डोळे मिटून, मान कलती करून टोपाशी उभे राहत. आधी ते ओरडतं, मग बोलतं, मग पुटपुटतं, असं त्यांचं म्हणणं. पुटपुटायला लागलं की उतरवायचं. कांबळे सरांनी यामागचं शास्त्र समजावून सांगायचा एकदा प्रयत्न केला. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्हाला जमतं काय?" सरांनी भात कालवायला घेतला.

पण त्यांचा सगळ्यात विचित्र नाद म्हणजे दुसऱ्यांची स्वप्नं. रत्नागिरीत दुपारी एक वाजून गेला की सारं गाव हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखं होतं. शटरं निम्म्यावर येतात, माडांच्या सावल्या अंगणात निजतात, लांबून समुद्राचा आवाज येतो तोही जांभया देत. त्या वेळेला आबांच्याकडे शेवटची पंगत उठत असायची आणि त्यांच्यापुढे भांड्यांचा डोंगर. संध्याकाळी आम्ही परत गेलो की आबा पळी हातात धरून विचारायचे, "दुपारचं काय दिसलं?" रात्रीच्या स्वप्नांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. "रात्रीचं मेलं काळोखात पडतं, त्यात काय दिसणार? दुपारचं उजेडात पडतं," असं ते म्हणायचे.

रविवारी मी दुपारची झोपायची, पण स्वप्न पडायचं नाही. म्हाताऱ्याची निराशा नको म्हणून मी बनवून सांगायला लागले. माडावर चढलेली मांजर, पाण्यावरून चालणारी एसटी, असलं काहीबाही. आबा अर्ध्यावरच पळी खाली ठेवायचे. "हे पडलेलं नाय. हे रचलेलं." तरी भाकरी मात्र एक जास्त वाढायचे. हुसेनभाईंची स्वप्नं त्यांना आवडत. हुसेनभाई भाट्याच्या पुलाकडच्या सावलीत रिक्षा लावून मागच्या सीटवर झोपायचे आणि त्यांना रोज काहीतरी दिसायचं. एकदा त्यांना स्वप्नात स्वतःचीच रिक्षा बोलली होती. ती काय बोलली हे ऐकताना आबांचा चेहरा असा झाला होता, की आम्ही सगळे जेवायचे थांबलो.

तर गेल्या आषाढात, अशाच एका दुपारी, पंगत बसलेली असताना आबा पडवीच्या खांबाला टेकले आणि म्हणाले, "नारळी पुनवेला खानावळ वाढवायची म्हणतो."

पंखा वाढव म्हटल्यावर पंखा बंद करणारी आम्ही माणसं. पण खानावळ वाढवतो म्हटल्यावर एकालाही खरा अर्थ सुचला नाही. रोज बाहेर माणसं ताटकळत उभी असत, बाकावर कोपराला कोपर लागे, त्यामुळे जागा वाढणार यापलीकडे आमच्या डोक्यात काही आलंच नाही. हुसेनभाई धावत जाऊन पेढे घेऊन आले. कांबळे सरांनी तिथल्या तिथे ताटाशेजारी पाटीचं चित्र काढलं. मी कचेरीतली बाई, मी म्हटलं, "आबा, अर्ज करावा लागेल."

आबा दचकले. "ह्याला पण अर्ज लागतो होय?"

"लागतो तर. परवानगीशिवाय कसं वाढवता येईल?"

"काय तरी दिवस आले," असं म्हणून त्यांनी मी लिहिलेल्या वाढीव बांधकामाच्या अर्जावर वळणदार सही केली.

पंधरा दिवसांनी नगरपरिषदेचा माणूस टेप घेऊन मोजमापाला आला. जेवायचीच वेळ होती. त्यानं टेपचं एक टोक आमच्यातल्या एकाला पडवीच्या कडेशी धरायला लावलं आणि विचारलं, "किती फूट वाढवायची आहे?"

"सगळी," आबा म्हणाले.

"सगळी म्हणजे?"

"सगळी. एक फूटसुद्धा ठेवायची नाय."

"अहो, रस्त्यात येईल ती."

"रस्त्याला काय त्रास? मी आत बसणार."

तो माणूस टेप गुंडाळायचा विसरला. माझा घास हातातच राहिला. मी आबांकडे पाहिलं, कांबळे सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि एकदमच आमच्या डोक्यात उजेड पडला. हुसेनभाई अजून हसत होते. त्यांना सरांनी कानात सांगितलं, तेव्हा त्यांचं हसू उतरताना मी बघितलं. त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

मग सुरू झाली खानावळ वाचवायची चळवळ. कांबळे सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. दोन दिवसांत त्यात शंभरावर माणसं. आम्ही रोज जेवणारे पंचवीस-तीस, बाकीचे मुंबईला, पुण्याला, कुणी दुबईला. ज्यांनी वीस वर्षांत या पडवीत पाऊल टाकलं नव्हतं ते सगळ्यात जास्त हळहळत होते. एकानं लिहिलं, आबांचं कालवण म्हणजे माझं बालपण. आबांनी ते ऐकून विचारलं, "कोण हा?" फोटो दाखवला तरी त्यांना ओळख पटली नाही.

कारण काय असेल यावर ग्रुपवर वाद झडले. कुणी म्हणालं, घर बिल्डरला द्यायचं असणार. घर आबांचंच होतं, चुलत्याकडून आलेलं, आणि बिल्डर आला असता तर त्याला त्यांनी जेवायला बसवला असता. कुणी म्हणालं, मासळी परवडत नाही. हुसेनभाईंनी मिरकरवाड्याच्या जेटीवरून रोज पहाटे मासळी आणून द्यायचं कबूल केलं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला एक सुपरवायझर आमच्यात जेवायचा, त्यानं मसाला वाटायला यंत्र द्यायचं ठरवलं. उपाय भराभर जमत होते, फक्त दुखणं कुणाला माहीत नव्हतं. शेवटी ठरलं, की मॅडमनी जाऊन विचारावं. आबा त्यांचं ऐकतात.

मी रविवारी दुपारी तीन वाजता गेले. गल्लीत माणूस नव्हतं. ऊन आणि पाऊस दोन्ही एकाच वेळी पडत होते, इतके हलके की कशाचाच आवाज येत नव्हता. आबा मागच्या दारी पन्हळीखाली विहिरीशी उकिडवे बसून राखेनं टोप घासत होते. मी पायरीवर बसले.

"आबा, खरं सांगा. का वाढवताय?"

त्यांनी टोप उपडा घातला. "झोपायचं हाय गो."

मी पायरीवरून अर्धी उठले. आबांच्या तोंडी काय, झोपणं म्हणजे आणखी काहीही असेल. "म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे झोपायचं. दुपारचं. जेवून. चटईवर."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं. इतक्या वर्षांत स्वतःविषयी ते एवढं कधी बोलले नव्हते.

"अकरा वर्साचा होतो. लांज्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. दुपारचा जेवून ओटीवर झोपलेलो. सारवलेली जमीन, गार अशी. तेवढ्यात स्वप्न पडलं. घर आमचंच, पण दारंच दारं. होती त्याच्यापेक्षा किती तरी जास्त, आणि सगळी उघडी. नुसता उजेड. माणूस एक दिसत नाय, पण घर भरलेलं हाय असं कळत होतं. आणि आतनं आयशीनं हाक मारलीन, किती पानं मांडू रे? मी मोजायला लागलो. दिसत नाय तर मोजणार कसा, पण मोजता येत होतं गो. आता आकडा सांगणार, तवर चुलत्यानं हलवून उठवलंन. उठ, यस्टी चुकेल. त्याच यस्टीनं हितं आलो, चुलत्याच्या खानावळीत. दुसऱ्या दिवसापासून पानं मांडतोय."

"आणि आई?"

"तिला त्याच पावसात देवानं बोलावलंन."

पन्हळीचं पाणी उपड्या टोपावर टपटपत होतं. आबांनी राखेचा हात पाण्यात बुडवला.

"तवापासनं दुपारची पाठ टेकली नाय. रात्री पडतात स्वप्नं, ती निराळी. हे दुपारचं हाय, दुपारीच पडायचं. ती अजून विचारत असंल, किती पानं. मी सांगितलंच नाय ना तिला."

एखादीला रडू आलं असतं. मला आलं नाही. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो सोमवारचा. सोमवारी मी जेवणार कुठे? आणि त्याच्या पुढचा विचार आणखी वाईट होता. या गावात मी आले की "बस गो बाय" म्हणणारं एकच माणूस आहे, आणि ते आता झोपायला निघालंय. माझ्या खोलीत परत जाताना मी चढावर दोनदा थांबले. एवढ्याशा झोपेसाठी एवढी खानावळ, असं स्वतःला समजावत राहिले.

संध्याकाळी कांबळे सरांनी विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "गुडघे दुखतात त्यांचे."

बस, एवढं खोटं पुरलं. गुडघ्यांवर इलाज असतो. दोन दिवसांत सात प्रकारची तेलं आली. सुपरवायझरनं कारखान्यातून उंच स्टूल बनवून आणलं. चुलीच्या जागी शेगडी आली, मागच्या दारच्या पायऱ्या मोडून उतार केला. आबा प्रत्येक वस्तूकडे बघत आणि म्हणत, "कशाला पण?" नाही म्हणायचं त्यांना जमत नसे. माणसं इतक्या हौसेनं ताट पुढे करतायत म्हटल्यावर ते मागे कसं न्यायचं? नारळी पौर्णिमा आली. आबांनी मांडवीला जाऊन समुद्राला नारळ दिला, परत आले आणि तांदूळ वैरले. दुसऱ्या दिवशी इथल्या एका छोट्या पेपरात चौकट आली, की जनतेच्या प्रेमामुळे खानावळ वाचली. कांबळे सरांनी काढलेली पाटीही लागली. तिच्या अनावरणाला आबांना मधोमध उभं केलं होतं. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आले आहेत.

माझ्याकडे ते अधूनमधून बघत. मी सांगितलं नसेल, की सांगूनही कुणी ऐकलं नसेल, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. उलट माझ्या वाटीत कधीकधी तिसऱ्यांच्या चार शिंपल्या जास्त पडत. मी त्या खात होते. गणपती गेले, दिवाळी गेली, मी खात होते.

शिमगा होऊन आठवडा झाला असेल. उन्हाळा तापायला लागला होता. पावणेदोनची शेवटची पंगत. आबा कालवणाचा वाडगा घेऊन माझ्यासमोर आले आणि थांबले. डोळे मिटलेले, मान कलती. मला वाटलं, आतल्या टोपाचा आवाज ऐकतायत. चेहरा इतका निवांत होता की मीही गप्प बसून राहिले. मग वाडगा हळूच कलंडायला लागला. गरम कालवणाची धार सरळ त्यांच्या पायावर पडली आणि ते तसेच उभे. मी किंचाळले.

आबांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे. "चुकलं गो बाय," ते म्हणाले. "जरा डोळा लागला." आणि मी पाणी ओतायला खाली वाकले, तेव्हा माझ्या एकटीलाच ऐकू येईल असं पुटपुटले, "दारं दिसलेली."

म्हणजे या वेळी त्यांना मी उठवलं होतं. त्यांच्या पोळलेल्या पायावर पाणी ओतताना मला स्वतःची जी लाज वाटली, ती मी इथे शब्दांत मांडू शकत नाही आणि मांडायचीही नाही. आठ महिने मी एका म्हाताऱ्या माणसाची झोप चवीनं खाल्ली होती.

त्याच संध्याकाळी पाच वाजता कांबळे सरांच्या शाळेच्या व्हरांड्यात मी सगळ्यांना बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं. दारं, पानं, आईची हाक, सगळं. मग सुपरवायझर म्हणाला, "एवढंच ना? दुपारी त्यांना झोपू दे. एसी लावून देतो मी आतल्या खोलीत."

"आणि वाढायचं कुणी?" कांबळे सर म्हणाले.

"माणूस ठेवू."

"मग कालवण ऐकायचं कुणी?"

सर माझ्याकडे वळले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. हुसेनभाईंनीच शेवटी विचारलं, "बाई, हे आठ महिने पोटात ठेवलंत तुम्ही?"

"हो."

"जेवण जात होतं?"

"जात होतं," मी म्हटलं. "तेच तर."

हुसेनभाई म्हणाले, "माझं पण गेलं असतं. ते कालवण तसंच हाय." उठून त्यांनी पँट झटकली. "झोपू दे त्यांना. आपण काय उपाशी मरत नाय."

ग्रुपवर मी एकच ओळ टाकली. आबांची खानावळ बंद होत आहे, आणि ती त्यांच्या इच्छेनं बंद होत आहे. बंद हा शब्द मी मुद्दाम लिहिला. दुबईच्या माणसानं रडके चेहरे पाठवले. कुणी वारसा जपण्याबद्दल लांबलचक लिहिलं. एकानं विचारलं, निदान रेसिपी तरी मिळेल का? सरांनी त्याला उत्तर दिलं, टोपाशी डोळे मिटून उभे राहा.

आबांना सांगायला आम्ही तिघं गेलो. पायाला पट्टी बांधून ते त्या उंच स्टुलावर अवघडून बसले होते.

"आबा," मी म्हटलं, "आता खुशाल वाढवा खानावळ."

त्यांनी संशयानं विचारलं, "अर्ज?"

"अर्ज लागत नाही."

"तेव्हा लागला होता तो?"

"तेव्हा आम्ही चुकलो होतो."

आबांनी मान हलवली. चुकलो म्हटल्यावर त्यांना पुढचं काही ऐकायचं नव्हतं. "आणि तू कुठं जेवणार?" त्यांनी मलाच विचारलं. हुसेनभाईंना नाही, सरांना नाही. आठ महिन्यांपूर्वी मी स्वतःला विचारलेला प्रश्न त्यांनीही इतके दिवस मनात ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. म्हणून ते थांबले होते की काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

"मी करीन काहीतरी," मी म्हटलं. "मला भात येतो."

"पाणी बेतानं घाल," आबा म्हणाले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटची पंगत झाली. आबांनी भाषण केलं नाही आणि आम्हालाही करू दिलं नाही. कुळथाचं पिठलं, भात, तळलेला बांगडा. जो तो "येतो आबा" म्हणून उठला. आबा प्रत्येकाला "या" म्हणाले.

पाडव्याला कचेरीला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीवर जाऊन काल केलेला भात खायचा, असं ठरवून निघाले, आणि पाय मात्र मांडवीच्या गल्लीत वळले. मी एकटीच असते तर नवल. कांबळे सर गल्लीच्या तोंडाशी उभे होते, पाटी नीट आहे ना बघायला आलो म्हणाले. पाटी तर त्यांनीच आदल्या आठवड्यात उतरवली होती. हुसेनभाईंनी रिक्षा वरच ठेवली होती, इंजिनाचा आवाज नको म्हणून. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

पडवीत बाकं नव्हती. ती भिंतीशी एकावर एक रचून ठेवली होती. घराची पुढची, मागची, मधली, सगळी दारं सताड उघडी होती आणि पडवीतून थेट मागच्या विहिरीपर्यंतचं ऊन दिसत होतं. मधोमध चटईवर, उशाला हात घेऊन, आबा झोपले होते. बारा वर्षांत मी त्यांना कधी आडवं पाहिलं नव्हतं. ते मला वाटत होते त्यापेक्षा खूप लहान दिसत होते. पोट वरखाली होत होतं. पायाच्या पट्टीवर एक माशी बसत होती आणि उडत होती.

आम्ही तिघं उंबरठ्याबाहेर उभे राहिलो. समुद्राचा आवाज आत येऊन परत जात होता. तेवढ्यात मागून एक माणूस आला, पाठीला सॅक, कपाळावर घाम. "जेवण आहे का?" त्यानं मोठ्यानं विचारलं. हुसेनभाईंनी गर्रकन वळून त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो बिचारा घाबरला. त्यानं आत वाकून पाहिलं, काय समजायचं ते समजला आणि तोही आमच्याबरोबर गप्प उभा राहिला.

मग आबांचे ओठ हलले. झोपेतच. काहीतरी एक छोटा शब्द ते बोलले. एखादा आकडा असेल, नाव असेल, नुसता हुंकारही असेल.

"काय म्हणाले?" कांबळे सरांनी माझ्या कानाशी विचारलं.

मला ऐकू आलं नव्हतं. दोन पावलं पुढे गेले असते तर कदाचित पुन्हा बोलले असते तेव्हा ऐकू आलं असतं. मी गेले नाही. सर गेले नाहीत, हुसेनभाईही नाहीत. ते आम्हाला सांगितलेलं नव्हतं.

आम्ही चपला हातात घेतल्या. चौघेही, तो अनोळखी माणूससुद्धा, आणि त्या तापलेल्या गल्लीतून वरच्या रस्त्यापर्यंत अनवाणी चढत गेलो. पाय चांगलेच भाजत होते. आवाज मात्र कुणी केला नाही.